टेबलापलीकडचं चित्र

मला मेलीला एकच अक्कल सुचली होती. ट्राममध्ये बसल्यापासून मी झानेताच्या कानीकपाळी ओरडत होते, "तपासणीच्या बाई काहीही विचारू देत, गप्प बसायचं नाही. फाडकन उत्तर द्यायचं. आणि दिसत नाही असं तर चुकूनही म्हणायचं नाही. कळलं?"

"कळलं गं आई! शंभरदा सांगितलंस."

आमच्या रोमा वस्तीत, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांच्या वस्तीत, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. गोऱ्या लोकांपुढे आपलं व्यंग उघडं करायचं नाही. केलं की ते कागदावर येतं, आणि कागदावर आलं की पोर मंदबुद्धींच्या शाळेत. मी त्या शाळेत नऊ वर्षं काढलीत. तिथून सुटलं की इथे स्लोवाकियात, कोशित्से शहरात, हातात झाडूच येतो. झानेता सात वर्षांची. फळ्यावरचं उतरवून घेत नाही म्हणून तिच्या शाळेने तिला तपासणीला धाडलं होतं.

मुलांची बुद्धी तपासणाऱ्या सोकोलोवा बाई टेबलापलीकडे बसल्या, झानेता अलीकडे, मी पार दाराशी. 'डोळ्यांची काही तक्रार?' असं फॉर्मवर विचारलं होतं. तिथे मी 'नाही' लिहून सही ठोकली.

बाईंनी चित्र उभं धरलं. "हे काय?"

"कुत्रा!"

दुसरं धरलं. "घोडा!" तिसरं. "उशी!"

शाब्बास गं माझी वाघीण, मी मनात म्हटलं. पण प्रत्येक उत्तराला बाईंची पेन्सिल दोनदा खरखरत होती. फुलीला दोन रेघा लागतात हो! म्हणजे सगळी उत्तरं चुकत होती.

"आई, तुम्हीच सांगा," बाईंनी पहिलं चित्र माझ्याकडे वळवलं. "हा कुत्रा आहे?"

मला पांढरा कागद दिसत होता आणि मधे तपकिरी डाग. पोरीची बाजू घ्यायची, एवढंच सुचलं.

"कुत्राच की! दुसरं काय असणार?"

बाई उठून आल्या आणि चित्र माझ्या नाकाशी धरलं. कोंबडी होती. एकेक पीस दिसत होतं.

"तुम्हाला लांबचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तिलाही नाही. मग खोटी सही का केलीत?"

"तुम्ही तिला तिकडे पाठवाल म्हणून!" मी ओरडलेच. मग रडू फुटलं. "बाई, पोर हुशार आहे हो. हवं तर मला मंद लिहा, तिला नका लिहू."

बाईंनी फुल्यांचा कागद फाडला. "आज काही लिहीत नाही. ही चिठ्ठी घ्या, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चष्मा मिळाला की मगच परत तपासू. घाबरू नका."

घाबरू नका म्हणे! चिठ्ठी मुठीत धरून मी बाहेर आले. झानेता माझा हात धरून रडवेल्या तोंडाने चालत होती.

"आई, तू सांगू नको म्हणालीस म्हणून मी नाही सांगितलं."

"माहितीये राणी. आता सांगायचं. सगळ्यांना सांगायचं."

"मग तुला नाही सांगायचं म्हणून कुणी सांगितलं होतं?"

सात वर्षांची असताना मीही अशाच टेबलापुढे बसले होते. आदल्या रात्री आईने मला जवळ घेऊन अगदी हेच पढवलं होतं.