काकडीच्या झाडाचा घाव

आमच्या सोकोत्रा बेटावर पावसाने पाठ फिरवली की शेवटचा आधार काकडीच्या झाडाचा. बुडाशी रांजणासारखं फुगलेलं असतं ते. ठेचून दिलं की आतला ओला गर शेळ्या आवडीने खातात. वाडीजवळ असं एकच झाड उरलं होतं आणि सगळ्यांनी ठरवल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, असं थोरांनी बजावलं होतं.

तरी एके दिवशी वाडीतल्या गानिमला झाडाच्या मागच्या अंगाला ताजा घाव दिसला. त्याचा आईवेगळा नातू शेळीच्या दुधावर वाढत होता. झाड संपलं तर पोराला पुढे काय पाजायचं?

संशय लगेच शेजारच्या मुबखूतवर गेला. त्याची शेळी अजून दूध देत होती ना! गानिमचीही देत होती, पण ती अल्लाची मेहेर.

त्या संध्याकाळी उपदेश करायला शेखसाहेब वाडीत मुक्कामाला आले. त्यांचा उपदेश म्हणजे गाणंच. काय तो गोड गळा, दगडालाही पाझर फुटावा! "शेजाऱ्याच्या दारावर डोळे टांगून घरी येऊ नका रे," असं त्यांनी आळवलं आणि गानिमचे डोळे भरून आले. डोळे पुसता पुसता तो मुबखूतकडे सरकला आणि त्याचा हात हळूच हुंगू लागला.

"काय रे, खातोस की काय मला?" मुबखूत कुजबुजला.

"झाडाच्या चिकाचा वास येतोय."

"मासळीचा आहे तो, शहाण्या!"

"मग जुम्याला मशिदीत शपथ घे."

मुबखूतचा चेहरा उतरला. आमच्याकडे ज्याला शपथ घालतात, तो सुटला तरी त्याच्या नावावर डाग राहतो. "घेईन," एवढंच तो म्हणाला.

जुम्याला गानिम निघाला, तेव्हा त्याची बायको गालिया दारात आडवी उभी राहिली.

"त्याला शपथ घ्यायला लावू नका."

"का? चोराचा एवढा पुळका?"

"गोठ्यात जा. आपल्या शेळीची लेंडी फोडून बघा."

गानिमने फोडली. आत झाडाचे पांढरे धागे होते.

"पोर रडत होतं," गालिया म्हणाली. "तुम्ही मेहेर मेहेर म्हणत होतात. मी काय सांगणार?"

गानिम धावतच मशिदीत पोचला. मुबखूतने शपथेसाठी हात पुढे केला होता. गानिमने सगळ्यांदेखत तो धरला.

"नको. घाव माझ्या घरातून गेलाय. याचं नाव मी खराब केलं. दंड मला करा."

थोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पुन्हा कुणावर संशय नको म्हणून उरलेलं झाड उद्याच तोडून वाटायचं ठरलं आणि गानिमचा वाटा निम्मा केला. शेखसाहेबांनी मान खाली घातली होती. हसत होते की रडत, कळलं नाही.

मुबखूतने अजून हात सोडवून घेतला नव्हता. त्याने गानिमचाच पंजा नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला.

"दुधाचा वास येतोय," तो म्हणाला. "पोराला कमी पडलं तर माझ्या शेळीचं घेऊन जा."