खांद्याला बसणारी रायफल

डेलबर्ट स्कोगनची रायफल पिकअपच्या मागच्या काचेजवळच्या खुंट्यांवरून निघता निघेना. मारिसेलानं दस्ता ओढला तर नळी छताला अडली, नळी खाली केली तर ती स्टिअरिंगच्या चाकात जाऊन रुतली. समोर, हाकेच्या अंतरावर, तीन कोयोट, कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीतले, नुकत्याच जन्मलेल्या वासराला ओढ्याकडे ओढत होते. गाय हंबरत एकाच्या अंगावर धावली की बाकीचे दोघे तेवढ्यात पुढे सरकत. शेवटी मारिसेला बंदुकीचा नाद सोडून, फावडं उचलून, ओरडत सुटली. ती पोचली तेव्हा बर्फावर रक्ताचा फराटा तेवढा उरला होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं सासऱ्याला सगळं सांगितलं. डेलबर्ट दोन्ही हातांनी कॉफीचा मग धरून बसला होता. एका हातानं धरला की सांडायचा. कंपवातानं गेल्या हिवाळ्यात त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. मुलगा कर्टिस पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर, आठवडाभर लांब. गुरं पाहायला उरली होती ती सून. प्वेब्लो शहरात, पोलाद कारखान्याच्या धुरात वाढलेली ही मुलगी लग्नाआधी गुरांना हायवेवरूनच काय ती ओळखत होती. "या वेळची वासरं झाली की सगळं विकून टाकू," असं कर्टिस नाताळापासून म्हणत होता, आणि त्यावर डेलबर्ट हो म्हणत नव्हता की नाही म्हणत नव्हता.

"एवढी वर्षं ती रायफल तुम्ही काढायचात कशी?" मारिसेलानं विचारलं.

"माझे हात लांब आहेत. आणि कोयोटही तेव्हा जरा सभ्य होते."

"मला हसू येत नाहीये, डेल."

"दिसतंय ते." त्यानं मग खाली ठेवला. "उद्या लाइलकडे जाऊ. तुझ्या मापाचं काहीतरी बघू."

लाइल बुखहोल्झच्या दुकानात एका बाजूला गुरांच्या मिठाच्या विटा आणि दुसऱ्या बाजूला बंदुका होत्या. लाइलनं आधी काढली ती काळी कुळकुळीत रायफल. "हिला टॉर्च बसतो, दुर्बीण बसते, पुढं टेकवायला दोन पाय बसतात."

"कॉफी करते का?" डेलबर्टनं विचारलं.

लाइलनं त्याच्याकडं दुर्लक्ष करून पिस्तूल पुढं केलं. "बाईमाणसाला हे बरं. सीटखाली मावतं."

"कोयोट मला मिठी मारायला येत नाहीत, लाइल," मारिसेला म्हणाली. "लांबूनच पळतात."

छऱ्यांच्या बंदुकीचंही तेच, तिचा पल्ला तोकडा. मग डेलबर्टनं स्वतःच भिंतीवरची एक लांबलचक, जाड नळीची रायफल दाखवली. "ही घे. टेकडीपलीकडचं टिपते."

मारिसेलानं ती हातात घेऊन तोलली. "लाइल, हिच्यात काही नाही ना? उघडून दाखव. मला ही पिकअपमध्ये बसून बघायचीय."

"बसून?"

"बूट घेताना चालून बघतोस ना?"

मग ती एकेक रिकामी रायफल घेऊन बाहेर जाऊ लागली. सीटवर बसायची, दार उघडायची, उतरून खांद्याला लावायची. डेलबर्टची आवडती आधी दारात अडकली. काळीच्या दोन पायांत सीटचा पट्टा गुंतला, तो सोडवायला लाइललाच यावं लागलं. समोरच्या कॅफेतली माणसं कप घेऊन खिडकीशी येऊन उभी राहिली. डेलबर्ट टोपी पुढं ओढून दुसरीकडंच बघत होता.

चौथ्या की पाचव्या फेरीला तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं एक आखूड, जुनी रायफल टेकवलेली होती, खालचा कडीसारखा दांडा ओढून काडतूस भरायची. दस्त्यावर ओरखडे, नळीचा रंग उडालेला.

"ती होय?" लाइल म्हणाला. "ती तर कोपरा रिकामा दिसू नये म्हणून ठेवलीय."

पण ती घेऊन मारिसेला पिकअपमधून एका दमात खाली उतरली. कुठं अडकायला त्या रायफलीला काही बाहेर आलेलंच नव्हतं. खड्ड्यांत आदळून बिघडेल अशी दुर्बीण नव्हती, नळीच्या टोकाला नेम धरायची माशी तेवढी होती. तिची काडतुसं तर पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतात, हे लाइलनं नाइलाजानं कबूल केलं.

"हिनं लांबचं लागत नाही," डेलबर्ट म्हणाला. "माझ्या आजोबांकडं होती असली. पोरखेळ आहे."

"मला लांबचं मारायचंच नाही. माझ्या वासरापासून हाकलायचंय."

"माझ्या वासरापासून" हे शब्द ऐकून म्हाताऱ्यानं टोपी मागं सारली आणि लाइलला काडतुसांचा खोका काढायला सांगितलं.

दुकानामागच्या खडीच्या खाणीत तिनं ओळीनं मांडलेल्या रिकाम्या डब्यांवर नेम धरला. पहिली गोळी खाली गेली, दुसरी बाजूला. तिसरीनं डबा उडाला, त्यानंतरचाही.

परतताना अर्ध्या वाटेत डेलबर्ट एकदम म्हणाला, "नळी रिकामी ठेवायची. काडतुसं पोटात, नळीत कधीच नाही. आणि गावात उतरलीस की दाराला कुलूप."

"हो."

"नुसतं हो नको. म्हणून दाखव."

तिनं म्हणून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, गारांसकट पाऊस लागला होता. दोघं चारा टाकून परतत होते. ओढ्याच्या वळणावर एक पहिलटकरीण कालवड आडवी पडून कळा देत होती, वासराचे दोन खूर बाहेर आले होते. जरा पलीकडं दोन कोयोट बसून वाट बघत होते.

मारिसेला गाडी थांबवून उतरली. रायफल तिच्याबरोबरच बाहेर आली.

"त्यांच्या मागं काय आहे ते बघ आधी!" डेलबर्ट आतून ओरडला.

"दरड आहे. मातीच."

तिनं दांडा ओढून काडतूस नळीत घेतलं. आवाज झाला. पुढच्या कोयोटच्या नाकासमोर चिखल उडाला आणि दोघेही शेपूट घालून टेकडीपार झाले.

"चुकलीस," डेलबर्ट म्हणाला.

"चिखलावरच नेम होता."

"खोटारडी."

"बरं, खोटारडी." तिनं रायफल रिकामी करून सीटवर ठेवली आणि मागून साखळी घेतली.

वासरू अडकलं होतं. तिनं खुरांना साखळी अडकवून जोर लावला, तशी कालवड उठायला धडपडू लागली. एवढ्यात डेलबर्ट गाडीतून उतरला. "बसा तिथंच!" असं ती ओरडेपर्यंत तो चिखलात गुडघे टेकून कालवडीच्या मानेवर आडवा पडलासुद्धा. त्याचे हात थरथरत होते, पण अंगाचा भार काही थरथरत नव्हता. कालवड दबून राहिली.

"ओढ आता! कळ आली की ओढ, एरवी नाही!"

एका दमदार कळेसरशी वासरू सुळकन बाहेर आलं, ओलं, निळसर, निपचित. मारिसेलानं त्याच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, गवताची काडी आत घातली, छाती चोळली. काहीच नाही. पुन्हा चोळली. मग वासरू जोरात शिंकलं, आणि तिला हसू आणि रडू एकदम आलं.

डेलबर्ट तसाच चिखलात बसला होता, टोपीवरून पाणी गळत.

"कर्टिसला फोन कर," तो म्हणाला. "सांग, गुरं विकायची नाहीत."

"तुम्हीच सांगा. मुलगा तुमचा."

"माझं ऐकतोय कुठं? तुला घाबरतो तो."

"आणि मी करणार सगळं एकटी?"

"एकटी कशी? मानेवर पडायला मी आहे ना."

कालवड उठली, वळली, आणि काय झालंय ते न कळल्यासारखी वासराला हुंगून चाटू लागली. वासरानं मागचे पाय उभे केले, पुढचे फाकले, आणि तोंडावर आपटलं.

"ऊठ रे गाढवा," डेलबर्ट म्हणाला, "ऊठ." आणि मारिसेलाच्या खांद्याचा आधार घेत तोही उठू लागला.