दोन डागांचा तारा

दामिनी मेश्राम नेहरू नगरातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायची. धाकट्या बहिणीला, संघमित्राला, अकरावीत न्यूटनचे नियम तिनंच शिकवले होते. आता संघमित्रा जर्मनीत दूरच्या ताऱ्यांवरच्या काळ्या डागांचे नकाशे करत होती. ती सुटीत घरी आली की स्टील प्लांटमधून रिटायर झालेले त्यांचे बाबा, गुलाबराव, दुकानादुकानात सांगायचे, "पोरगी ताऱ्याचा नकाशा बनवून राहिली!" दामिनीच्या बॅचमधून सात पोरं आयआयटीत गेली होती. ते त्यांनी कुणाला सांगितल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं.

एका दुपारी संघमित्रानं लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "ताई, जर्नलले पेपर पाठवाचा आहे. एकदा पाहून दे ना."

ताऱ्याच्या उजेडाचा आलेख होता. तारा फिरताना डाग आपल्याकडे आला की उजेड घटतो. इथे दर तीन दिवसांनी घटत होता, म्हणून संघमित्रानं तीन दिवसांची फेरी आणि एकच डाग धरला होता. पण दामिनीला दिसलं, आलेखातला एक खळगा खोल, पुढचा उथळ, मग पुन्हा खोल. डाग दोन होते, विरुद्ध बाजूंना. फेरी सहा दिवसांची होती. त्यावरून काढलेला सगळा नकाशाच चुकला होता.

"कसा वाटला?"

तेवढ्यात बाबा खुर्चीतून हसले. "तिले काय विचारतं? तिले समजते काय त्यातलं?"

"मस्त आहे," दामिनी म्हणाली. "पाठव."

संघमित्रा परत गेली. दामिनीचे पहिले काही दिवस मजेत गेले. मग वर्गात फळ्यावर लाट काढली तरी तिला ते खळगे दिसू लागले. दीड महिन्यानं तिनं फोन केला.

"माहीत आहे मले," संघमित्रा म्हणाली. "जर्नलच्या तपासणाऱ्यानं पेपर कालच परत पाठवला. तुले कवा दिसलं?"

"त्याच दुपारी."

"मंग बोलली कावून नाही?"

"जळून राहिली होती मी तुझ्यावर."

फोन कटला.

आठवड्यानं ईमेलवर नवा नकाशा आला. सोबत एक शब्दही नव्हता. दामिनीनं कोचिंगला सुटी टाकली आणि दिवसभर बसून एकेक आकडा तपासला. या वेळी एकही चूक सापडली नाही. तिनं तसं लगेच कळवलं. पण एखादी चूक सापडली असती आणि या वेळी ती सांगता आली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.