अत्रूनचं पाणी

वर्षभरात मी एक गोळी चुकवली नव्हती. म्हणून डॉक्टर इख्लास जेव्हा म्हणाल्या, "सित्तना, गोळ्यांत खाडा झाला असेल तर आत्ताच सांग," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

मी पिशवी त्यांच्या टेबलावर उलटी केली. बारा महिन्यांची रिकामी पाकिटं मी जपून ठेवली होती. काही घरंगळत खाली गेली.

"घ्या, मोजा," मी म्हटलं. "सकाळी दोन, संध्याकाळी दोन. ईदलासुद्धा चुकल्या नाहीत. माझ्या नवऱ्याच्या पायाचा प्रश्न आहे, मी काय झोपा काढत होते?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पायाचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. टाचेचं हाड मला दाखवलं. चाळणीसारखं झालं होतं ते.

माझा नवरा जादैन मेंढ्या चारतो. दहा वर्षांपूर्वी रानात बाभळीचा काटा टाचेत मोडला आणि त्या काट्यासोबत बुरशी आत शिरली. आधी गाठ आली, मग तिला तोंडं पडली आणि त्यातून मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे गळू लागले. दुखत नव्हतं, म्हणून आम्ही गप्प. मग गावच्या हकिमाकडून दोनदा डाग देऊन घेतले. सेन्नारच्या इस्पितळात यायला आम्ही फार उशीर केला, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पण आल्यापासून मी हलगर्जीपणा केला असेल तर माझी जीभ झडो.

"औषध लागूच पडलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उलट आत पसरलंय. गोळ्या कशासोबत देत होतीस?"

"भरल्या पोटी. तुम्हीच सांगितलं होतं ना? ज्वारीची पातळ किसरा-भाकरी, भेंडीचं कालवण, वर तूप."

"आणि मग?"

"मग काय? पहिल्याच आठवड्यात त्याच्या पोटात आग पडायला लागली. म्हणाला, या गोळ्या फेकून दे. मी बरी फेकू देईन! प्रत्येक वेळी गोळ्यांवर पेलाभर अत्रूनचं पाणी पाजलं. जळजळ गेली ती गेलीच."

त्यांचं पेन थांबलं.

"अत्रून? रोज?"

"दोन्ही वेळा."

"अगं, मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जळजळीवर कसलंही औषध घ्यायचं नाही!"

"औषध कुठे दिलं?" मी म्हटलं. "अत्रून काय औषध आहे? तो तर स्वयंपाकातला खार. आमची आई भेंडीत घालायची, तिची आई घालायची. पोट दुखलं की पाण्यात खडा विरघळवायचा, हे आमच्याकडे पोरींनाही माहीत असतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मग अगदी हळू, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. हे औषध पोटातल्या आंबटपणात विरघळतं, तेव्हाच ते रक्तात उतरतं. खार तो आंबटपणा मारतो. मग गोळी जशी गिळली तशी निघून जाते.

"म्हणजे बारा महिने..."

"सगळं त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. तुम्ही आलात तेव्हाच पाय वाईट होता. पण हे वर्ष वाया गेलं."

मी त्यांचे हात धरले. "अजून एक वर्ष द्या. लिंबू पाजते, करकदेच्या फुलांचं सरबत पाजते, म्हणाल ते आंबट पाजते. बाई, पाया पडते तुमच्या."

"हाडच राहिलं नाही, सित्तना. थांबलो तर गुडघाही जाईल. मंगळवारी गुडघ्याखालून काढू."

बाहेर कशी आले, आठवत नाही. दाराजवळच्या बाकावर जादैन बसला होता, आजारी पाय पुढे लांब करून. शेजारी कल्तूम होती, तिच्या मुलीलाही हीच गाठ. मुलीच्या गोळ्यांना अजून दोनच महिने झाले होते.

"ये गं ताई!" कल्तूम म्हणाली. "अल्लाह तुझं भलं करो. तू दिलेल्या खड्यानं पोरीची जळजळ एकदम गेली बघ. आणखी आहे का?"

होता. अंगाभोवती गुंडाळलेल्या माझ्या तोबच्या पदराला गाठ मारून बांधलेला होता. दर महिन्याला या रांगेत बसून मी बायकांना शहाणपण वाटत होते आणि वर खडेही वाटत होते. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" जादैननं विचारलं. "तोंड का असं, मी मेलो की काय?"

त्याला एकट्याला सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण कल्तूमचा हात पुढेच होता आणि तिची पोरगी माझ्याकडे बघत होती. मी पदराची गाठ सोडली, खडा काढला आणि बाहेर मातीत भिरकावला.

"देऊ नकोस तिला," मी ओरडले. सगळी रांग वळून बघू लागली. "कुणीच देऊ नका! अत्रूननं औषध मरतं. मी पाजलं वर्षभर. माझ्या हातानं पाजलं. त्याचा पाय मंगळवारी कापणार आहेत."

कल्तूमनं पोरीला जवळ ओढलं.

जादैननं खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज सकाळीसुद्धा प्यायलो मी."

"हो."

"चव घाण होती त्याची. रोजच."

"मग टाकून का नाही दिलंस रे?"

"तू समोर उभी असायचीस."

तो कल्तूमकडे वळला. "पोरीला आत ने, ताई. खाराचं सगळं सांग डॉक्टरीणबाईंना. तिचे अजून दोनच महिने गेलेत." मग तो उठला. वर्षभर उठताना तो माझा खांदा धरायचा. आज मी खांदा पुढे केला, तर त्यानं भिंत धरली. हात टेकवत, एका पायावर उड्या घेत तो चालू लागला. मी तिथेच उभी. हाक मारायची हिंमत झाली नाही.

फाटकाच्या अलीकडे भिंत संपते, पुढे उघडं अंगण आहे. तिथे तो थांबला. मागे वळून पाहिलं नाही त्यानं. फक्त माझ्या खांद्याच्या उंचीवर हात हवेत धरला.

"भिंत संपली, सित्तना," तो म्हणाला.