उटकटारीची मुळी

कोशात हा शब्द ‘उंटकटारी’ असा आहे. अर्थ दिलाय, उंटाला आवडणारं काटेरी झुडूप. मी हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"आमच्या माणदेशात उंट कुणी बघितलाय?" ती म्हणाली. "उटकटारी. ते टिंब तुझ्या शाळेत ठेव."

"मग अर्थ काय?"

"ऊठ आणि कटार चालव. अडलेल्या बाईची वाट मोकळी कर. दुसरा काय असणार?"

मी दादरच्या शाळेत मराठी शिकवत होते. माझी आई रखमा आमच्या परळच्या चाळीत बाळंतपणं करायची. दरसाल माहेरी जाऊन ती उटकटारीची मुळी आणायची. आदल्या संध्याकाळी झुडपापुढे तांदूळ ठेवून नावानं बोलावणं करायचं, सकाळी खणायचं. "खोट्या नावानं हाक मारली तर येईल का कुणी?" असं तिचं म्हणणं.

मुळी बाळंतिणीच्या केसांत बांधायची आणि मूल आलं की लगेच सोडायची, नाहीतर ती बाईचा जीवही ओढून नेते. जिनं बांधली तिनंच सोडायची.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे जाहीर झालं त्या जानेवारीतली गोष्ट. रस्त्यावर संचारबंदी होती. समोरच्या खोलीतल्या शेवंतीला पहाटेपासून कळा येत होत्या. आईनं मुळी बांधली. दुपार झाली तरी मूल सरकेना.

"हे माझ्या हातचं नाही," आई म्हणाली. "इस्पितळात न्यायला हवी."

शेवंतीचा नवरा दौलत हातगाडी आणायला उठला. आईनं त्याला खाली बसवलं. "पुरुष दिसला की पोलीस गोळ्या झाडतायत. म्हातारीवर कोण गोळी वाया घालवतंय?"

ती जिना उतरली. थोड्या वेळानं आवाज आले. ते कसले हे आता चाळीतल्या पोरांनाही कळत होतं.

दौलत धावत खाली गेला. परत आला तेव्हा त्याचा सदरा पुढून रक्तानं भिजलेला होता. तो दारातच थांबला आणि माझ्याकडे बघून त्यानं नाही अशी मान हलवली.

"नळापाशी निजवलंय," तो हळूच म्हणाला.

आत शेवंती किंचाळली. मी आत गेले. मूल आलं, निळंसर, मग रडलं. मुलगी. पण रक्त थांबेना. शेवंतीनं दोन्ही हातांनी केस धरले होते. "मुळी... मावशीक बोलवा."

मी हात पुढे केला. तिच्या सासूनं, कालिंदीनं, माझं मनगट धरलं. "तुझो हात नको. जेणां बांधला तेणांच सोडूक व्हया. रखमाबाय खंय?"

माझा मुळीवर विश्वास नव्हता. शेवंतीचा होता, आणि ती भीतीनं थरथरत होती. मागे दौलतचा हुंदका आला. त्याचा सदरा आतून दिसू नये म्हणून मी सरकून त्याच्यापुढे उभी राहिले.

"आई खाली गाडीपाशी आहे," मी म्हटलं. "म्हणाली, माझाच हात समज आणि सोड."

कालिंदीनं माझ्याकडे बघितलं. "मगे नाव घे. तुझी आवस घेता तसा."

गाठ घामानं घट्ट झाली होती. आईची गाठ. नखांनी ती सैल करत मी म्हटलं, "उटकटारी, झालं तुझं काम. जा आता."

शेवंतीचे हात गळून खाली आले. आई चोळायची तसं मी तिचं पोट चोळत राहिले. रक्त मंदावलं, मग थांबल्यासारखं झालं. कालिंदीनं नात पदरात गुंडाळली आणि पहिल्यांदा हसली.

मुळी त्याच दिवशी मातीला परत द्यायची असते. मी ती मुठीत घेऊन खाली गेले. नळापाशी सगळी फरशीच होती. कुणीतरी आईच्या अंगावर चादर टाकली होती. मी तिचा हात बाहेर काढला, मुळी तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं एकेक करून मिटवली.

वरून कालिंदीची हाक आली. "रखमाबाय, चाय ठेवलंय गो! वर ये, नातीचा तोंड बघ!"