सहा पैलूंची खुंटी

वर्जिल ग्रीनवेलने आयुष्याची चौतीस वर्षं अंधारात गळती शोधण्यात घालवली. कॉर्डवेलच्या डिस्टिलरीची अकरा गोदामं, प्रत्येक सात मजली, आणि त्यांत रांगेने आडवी निजवलेली व्हिस्कीची हजारो पिंपं. हातात बॅटरी, कमरेला हातोडी, खिशात चाकू आणि सीडरच्या लाकडाच्या ढलप्या. कुठे ओल दिसली की वास घ्यायचा, बोट फिरवायचं, भोक सापडलं की तिथल्या तिथे खुंटी तासून ठोकायची. बाकीचे गळतीवाले खुंटी गोल तासत. वर्जिल सहा पैलूंची तासायचा. कडा लाकडात रुततात, मग खुंटी जन्मात सुटत नाही, असं त्याचं म्हणणं.

जोडीला धाकटा भाऊ बर्नार्ड. खुंटी बसली की बर्नार्ड तिच्या शेजारी खिळ्याने दोन उभ्या रेघा आणि एक आडवी ओढायचा. इथे गळत होतं, आम्ही पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ. अकरा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये पाचव्या मजल्यावरची फळी मोडली आणि बर्नार्ड खाली आला तो गेलाच. त्यानंतर त्या रेघा कुणी ओढल्या नाहीत. पुढे वर्जिल निवृत्त झाला आणि कॉर्डवेलच्या मालकांनी जुनी पिंपं मिळेल त्या गिऱ्हाइकाला विकायला काढली.

त्यांतली बरीचशी टेकडीवरच्या ‘एल्डर टोबायस’ नावाच्या व्हिस्कीवाल्यांनी घेतली. घेतली तर घेतली. केंटकीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानाच्या फळीवर वीस नावं दिसतात, वीस दाढीवाले म्हातारे लेबलावरून बघत असतात, आणि त्यातल्या निम्म्यांची व्हिस्की दोन-चार मोठ्या डिस्टिलऱ्यांच्या भट्टीतून आलेली असते. विकत घेऊन बाटलीत भरणं हा काही गुन्हा नव्हे. काही भले लोक बाटलीच्या पाठीवर तसं सरळ छापतात आणि वर्जिल त्यांची बाटली आनंदाने घ्यायचा. टोबायसवाल्यांच्या बाटलीच्या पाठीवर मात्र ‘बाटलीत कुणी भरली’ एवढंच होतं, तेही मुंगीच्या अक्षरात. पुढच्या बाजूला लिहिलं होतं, ‘चार पिढ्यांची आमची भट्टी’. त्यांची काचेची इमारत उभी राहून दोन वर्षं झाली होती आणि बाटलीतली व्हिस्की अकरा वर्षांची होती. ही वजाबाकी कुणालाही यायला हवी, पण दारू प्यायला निघालेला माणूस वजाबाकी करत नाही.

आणि लेबलावरचा हा टोबायस कोण? वर्जिलची मुलगी नोरीन तिथे पाहुण्यांना डिस्टिलरी दाखवायचं काम करायची. टोबायसची तसबीर लुईव्हिलच्या जुन्या बाजारातून तिनेच गाडीत घालून आणली होती. विकणारा म्हणाला होता, हा बहुधा ओहायोतला शवपेट्या विकणारा व्यापारी असावा. त्या शवपेटीवाल्याकडे बोट दाखवून नोरीन दिवसातून सहा वेळा सांगायची की याने आपल्या आजोबांची व्हिस्कीची कृती जिवापाड जपली. सांगावंच लागायचं. तिला मधुमेह होता, इन्सुलिन विम्यावर मिळायचं आणि विमा नोकरीला बांधलेला होता.

एका शनिवारी टोबायसवाल्यांनी एक ‘जुनं घराण्याचं पिंप’ पाहुण्यांसमोर फोडायचं ठरवलं. मालक ग्रेसन पेनिंग्टन हा शिकागोचा माणूस. त्याला फोटोसाठी जुने ओव्हरॉल घातलेला खराखुरा म्हातारा हवा होता.

“बाबा, फक्त बूच सैल करायचं,” नोरीन गाडीत म्हणाली. “दोन बाजूंनी ठोकायचं, उडालं की हसायचं.”

“आणि तो शवपेटीवाला?”

“त्याचं नावसुद्धा काढू नका. मला शब्द द्या, तिथे तोंड उघडणार नाही म्हणून.”

“तू हे रोज कसं बोलतेस गं?”

“सकाळी सुई टोचून घेते ना, तसंच. शब्द द्या.”

वर्जिलने शब्द दिला. लेकीच्या जिवाशी गाठ होती. स्वतःच्या रागाची किंमत त्याने तिच्या अंगावर कशी टाकावी?

साठेक पाहुणे जमले होते. मधोमध चौथऱ्यावर पिंप आडवं ठेवलेलं. त्याचं तोंड रंधा मारून गुळगुळीत केलं होतं, कॉर्डवेलचं नाव आणि क्रमांक खरवडून टाकला होता आणि वर टोबायसच्या छापाची हॅट डागली होती. पण रंधा मारणारा खालच्या कडेपर्यंत नीट पोहोचला नव्हता. तिथे सहा पैलूंची खुंटी होती, आणि शेजारी दोन उभ्या रेघा, एक आडवी.

वर्जिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने नोरीनकडे पाहिलं. तिनेही रेघा पाहिल्या होत्या. लहानपणी तिच्या सायकलच्या सीटवर बर्नार्डकाकाने याच रेघा ओढून दिल्या होत्या, चोरीला गेली तर ओळखू यावी म्हणून.

पेनिंग्टनने वर्जिलच्या खांद्यावर हात टाकला. “हे आमचे काका. आणि ही खुंटी बघा, मंडळी. सहा पैलू. माझ्या पणजोबांची युक्ती, टोबायसची. आमच्या घराबाहेर ही कुणालाच येत नाही. बरोबर ना, काका?”

टाळ्या पडल्या. वर्जिलने शब्द दिला होता.

तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं. हातांबद्दल काही ठरलं नव्हतं. वर्जिल पिंपासमोर गुडघ्यावर बसला, खिशातून चाकू काढला, पातं खुंटीच्या कडेला घातलं आणि एका हिसक्यात ती उपटली. व्हिस्कीची बारीक धार सुटली ती थेट पेनिंग्टनच्या पिवळ्या बुटांवर.

“अहो, हे काय चाललंय? थांबवा कुणीतरी यांना.”

वर्जिलने घाई केली नाही. ढलपी काढली आणि तासू लागला. एक पैलू, दुसरा, तिसरा. पाहुण्यांनी मोबाइल वर केले. धार वाहत होती आणि अकरा वर्षं मुरलेल्या मक्याचा आणि ओकच्या लाकडाचा वास सगळ्या काचेच्या दालनात दरवळत होता. सहावा पैलू झाला, त्याने खुंटी भोकात टेकवली आणि हातोडीचे तीन घाव घातले. धार थांबली. मग जुनी खुंटी त्याने नवीच्या शेजारी धरली. डोळे असलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

पहिल्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, “म्हणजे हे आजोबा टोबायस आहेत का?”

लोक हसले. पेनिंग्टनही हसला. “बघा, आमच्या काकांनाही घराण्याची युक्ती शिकवली आहे,” तो म्हणाला, आणि नोरीनला तिच्या हातातला माईक आपल्याकडे द्यायची खूण केली.

नोरीनने माईक स्वतःच्याच तोंडाशी धरला.

“हे माझे वडील,” ती म्हणाली. “ही व्हिस्की खाली कॉर्डवेलच्या भट्टीत झाली. खुंटी यांची आणि रेघा माझ्या काकाच्या, बर्नार्ड ग्रीनवेलच्या. याच पिंपांची गळती बुजवता बुजवता तो मेला. टोबायस म्हणून कुणी माणूस नव्हता. ती तसबीर मी बाजारातून आणली.”

“नोरीन, माईक दे.”

“देते. बर्नार्ड ग्रीनवेल,” तिने पुन्हा एकदा सांगितलं, आणि माईक त्याच्या हातात ठेवला.

सोमवारी नोकरी गेली आणि महिनाअखेर विमा गेला. वर्जिलने आपला ट्रक विकून चार महिन्यांच्या इन्सुलिनची सोय केली. नोरीन त्याच्यावर एकदाही चिडली नाही, आणि त्याला तेच सहन होईना.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी दोघं गावातल्या इर्माच्या दुकानात गेले होते. दारातच टोबायसच्या नव्या बाटल्यांचा ढीग रचला होता. नवं लेबल होतं. त्यावर दाढीवाला शवपेटीवाला होता, त्याच्या हातात सहा पैलूंची खुंटी होती आणि खाली सोनेरी रंगात दोन उभ्या रेघा आणि एक आडवी. शेजारी लिहिलं होतं, ‘एल्डर टोबायसची घराण्याची खूण’.

नोरीनने बाटली उचलली, पाठीवरची मुंगीची अक्षरं वाचली आणि खाली ठेवली.

“काकाची खूणसुद्धा,” ती म्हणाली. “मेलेल्या माणसाचीसुद्धा, बाबा.”

वर्जिलने चाकू काढला आणि त्या छापील सोनेरी रेघांच्या वर, बरोबर टोबायसच्या तोंडावर, टोकाने कागद फाडत दोन उभ्या रेघा आणि एक आडवी ओढली. मग दुसरी बाटली घेतली. मग तिसरी.

इर्मा गल्ल्यावरून उठून आली. तिचा नवराही कॉर्डवेलला कामाला होता. रेघा तिने लगेच ओळखल्या.

“किती आहेत गं एकूण?” वर्जिलने विचारलं.

“इथे बहात्तर,” इर्मा म्हणाली. “मागे अजून चार खोकी आहेत. थांबा, आणते.”