स्वप्नालीचा वेग

वसाहतीतल्या बायकांना पळायची सवय लावली ती चारुलतानं. तिचा नवरा हेमकांत पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात वरच्या जागेवर होता. ती स्वतः शहाद्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची, आणि कॉलेजात असताना तिनं खो-खोचं मैदान गाजवलं होतं. चाळिशी जवळ आली तरी पाठ ताठ, पोट सपाट. पहाटे पाटाच्या रस्त्यानं ती पुढे आणि वसाहतीतल्या चार-पाच जणी मागे, असं रोजचं चित्र. वळून पाहिलं की लाल झालेले, धापा टाकणारे चेहरे दिसायचे. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच ती उठायची. धावणं तिला कधी आवडलंच नव्हतं. सुरू झालं की कधी संपतं असं व्हायचं आणि संपलं की बरं वाटायचं. पण हे तिनं कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

दिवाळीनंतर समोरच्या चाळीत स्वप्नाली राहायला आली. तिचा नवरा भाग्येश कारखान्यात नवाच लागला होता. स्वप्नाली सारंगखेड्याची, बागायतदाराच्या घरातली. अंगानं चांगली भरलेली, हसली की सगळं अंग हसायचं. शेजारच्या घरी सत्यनारायणाला सगळ्या जमल्या, तेव्हा पळण्याचा विषय निघाला आणि ती प्रसादाची वाटी हातात धरूनच म्हणाली, "ताई, मी बी येऊ का? मले बी पयनं शे."

"पयनं नाही गं, धावणं," चारुलता म्हणाली. बायका हसल्या. स्वप्नालीही हसली. चारुलतानं तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "ये ना. उद्यापासूनच ये."

करमणूक होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि झालीही. पहिल्या दिवशी स्वप्नाली पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचे बूट घालून आली. बायका निघाल्या तशी तीही जीव खाऊन सुटली, आणि पपईची पहिली बाग संपायच्या आत पाटाच्या कडेला बसून ओकली. चारुलतानं मोबाईल काढला. ओकणारी स्वप्नाली, मग ओढणीनं तोंड पुसून पुन्हा धावू बघणारी, मग एक बूट निसटलेली स्वप्नाली. घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ बायकांच्या ग्रुपवर गेला. त्या ग्रुपवर स्वप्नाली नव्हती, पण वसाहत केवढीशी? संध्याकाळी कुणीतरी तिला दाखवलाच.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही, असं चारुलतानं धरून ठेवलं होतं. ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती.

"ताई, तो व्हिडिओ मले बी धाडा ना," ती म्हणाली. "मन्ही आई हासी हासी मरी जाई."

चारुलतानं पाठवला. दुसरं करणार काय?

मग हळूहळू स्वप्नालीला पळण्याची गोम कळत गेली. तिला कुणी शिकवलं नाही. ओकायचा कंटाळा आला म्हणून तिनं वेगच सोडून दिला. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत पळायचं, मग चालायचं, मग पुन्हा पळायचं. वेग इतका कमी की शेजारून पाण्याचा हंडा घेऊन जाणारी बाई तिच्या बरोबरीनं चालावी. ती पळता पळता बोलायची. ऊसतोडीच्या बैलगाड्यांवर बसलेल्या पोरांना हाका मारायची. पपईवाल्या छगनभाऊला "काय भाव शे आज?" म्हणून विचारायची आणि त्याचं उत्तर येईपर्यंत पुढे गेलेली असायची. कारखान्याची काजळी नाकावर बसली तरी पुसायची नाही. महिना-दीड महिन्यात चालणं कमी होत गेलं, मग संपलंच. एके दिवशी पाटाच्या पुलापर्यंत जाऊन ती न थांबता परत आली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि घामानं निथळत म्हणाली, "ताई, आज मजा वनी. अंग कसं हलकं हलकं वाटी ऱ्हायनं!"

तिचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. पहिली येण्याचं तर तिच्या ध्यानीमनी नव्हतं. नुसती मजा. चारुलता घड्याळात आपली वेळ बघू लागली.

थंडी संपत आली होती. एका सकाळी चारुलतानं नेहमीसारखं वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं. दूर, पार मागे, सगळ्या जणी स्वप्नालीभोवती गोळा होऊन तिच्याच वेगानं येत होत्या. काहीतरी सांगत होती ती, आणि दीपमाला, हेमकांतच्या साहेबांची बायको, हसून हसून पोट धरत होती. त्यांचं हसणं पाटाच्या पाण्यावरून चारुलतापर्यंत आलं. ती पुलाजवळ उभी राहिली. वाट पाहत उभं राहणं तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

"चारुलता, आपण आता स्वप्नालीच्याच वेगानं जाऊ या," दीपमाला जवळ येत म्हणाली. "जीव पण दमत नाही आणि वेळ कसा जातो ते कळत नाही."

"जाऊ या की," चारुलता म्हणाली.

त्याच आठवड्यात शहाद्याला महिलांची पाच किलोमीटरची धाव जाहीर झाली. चारुलतानं सगळ्यांची नावं स्वतः दिली. स्वप्नालीला बाजूला घेऊन तिनं समजावलं, "तुझ्यात दम आहे. पण अशी गप्पा मारत गेलीस तर लोक हसतील. मी सांगते तशी कर." आणि मग तिनं स्वप्नालीला रोज आपल्या बरोबर पुढे घेतलं. एक दिवसही सुट्टी नाही. सकाळी पाटावर, संध्याकाळी डांबरी रस्त्यावर. स्वप्नाली मुकाट्यानं करत राहिली. ताईंनी आपल्याला जवळ केलं याचंच तिला अप्रूप होतं. तिचं बोलणं बंद झालं. छगनभाऊला हाक मारायला श्वासच उरत नव्हता.

धावेला थोडे दिवस राहिले असताना एका संध्याकाळी ती लंगडत चारुलताच्या ओट्यावर येऊन बसली.

"ताई, आठे फार दुखस," तिनं उजव्या नडगीवर बोट ठेवलं. "रातले झोप बी लागत नही. मी थोडे दिन थांबू का?"

चारुलता तिच्यासमोर खाली बसली. तिनं सलवार वर सारून अंगठ्यानं नडगी चाचपत आणली. एका जागी, बरोबर एका जागी, स्वप्नाली कळवळून मागे सरली.

चारुलताला ती जागा ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या नडगीवर ती तशीच, तेवढीच होती. नाशिकच्या हाडांच्या डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरून बारीक रेघ दाखवली होती आणि बजावलं होतं, "बाई, सहा आठवडे धावायचं नाव काढायचं नाही. नाही ऐकलंत तर हे हाड एक दिवस रस्त्यातच मोडेल." उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सहा आठवडे माहेरी जाऊन बसली होती. वसाहतीत तिनं मामेबहिणीचं लग्न असल्याचं सांगितलं होतं.

तिनं अंगठा पुन्हा त्याच जागेवर ठेवला आणि दाबला. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इथेच ना?"

"हां, ताई, तठेच!"

"नव्या सगळ्यांचंच दुखतं हे," चारुलता म्हणाली आणि सलवार नीट खाली ओढली. "माझंही दुखायचं. पळून पळूनच जातं. आता थांबलीस तर सगळी मेहनत पाण्यात. घट्ट पट्टी बांध आणि हळद-दूध घे."

"डॉक्टरले दखाडू का?"

"दाखव की. ते काय, पडून राहा म्हणतील. त्यांना आयुष्यात कधी धावायचंय?"

स्वप्नाली हसली. "खरंच शे," म्हणाली, आणि उठून लंगडत घरी गेली. आत जाऊन चारुलतानं भाजी फोडणीला टाकली. मीठ नेहमीसारखं अंदाजानंच घातलं आणि ते बरोबर पडलं.

धावेच्या दिवशी स्वप्नालीनं नडगीला पट्टी आवळली होती आणि दुखणं थांबवायची गोळी घेतली होती. शहाद्याच्या रस्त्यावर ढोल वाजत होता, शाळेच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. चारुलता सुटली ती वळून न बघता. तिचा दुसरा नंबर आला. पदक गळ्यात घालून घेताना तिला गर्दी मागच्या चौकाकडे धावताना दिसली. कुणीतरी सांगत आलं, "एक बाई पडली. पाय पार वाकडा झालाय."

ती गेली तेव्हा स्वप्नाली रस्त्यावर बसली होती आणि दीपमालानं तिचं डोकं छातीशी धरलं होतं. हाड मोडल्याचा आवाज शेजारून धावणाऱ्या मुलीनं ऐकला होता, आणि ती पोरगी बाजूला उभी राहून रडत होती. स्वप्नाली ओरडत नव्हती. तिचे दात एकमेकांवर वाजत होते.

"ताई," चारुलताला बघून ती म्हणाली, "तुमना नंबर उना का?"

दवाखान्यात डॉक्टर वैतागले. "हे एका दिवसाचं नाही. कधीपासून दुखत होतं? अशा पायावर पळायला कुणी सांगितलं?"

चारुलता खाटेच्या पायथ्याशी उभी होती. भाग्येश डोक्याला हात लावून स्टुलावर बसला होता.

"कोनीच नही," स्वप्नाली म्हणाली. "मन्हीच हौस."

ती चारुलताला वाचवत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. ते चारुलताच्या लक्षात आलं आणि तिला सुटल्यासारखं न वाटता रागच आला.

नडगीत सळई घातली. उन्हाळाभर स्वप्नाली खाटेवर होती. दीपमाला आणि बाकीच्या जणी सकाळी पाटावर जायच्या ऐवजी तिच्याकडेच चहाला जमू लागल्या. चारुलता जायची ती एकटी, संध्याकाळी. एकदा भाग्येशनं तिला दाराबाहेर थांबवलं. "वहिनी, तुमचं ती ऐकते. तिच्या डोक्यातून ते पळणं तेवढं काढा. डॉक्टर म्हणतात, पुढं जमेल, पण मला भीती वाटते."

आत स्वप्नाली उशाला टेकून बसली होती. तिचा चेहरा उजळला. "ताई, डॉक्टर म्हने, पावसाळा झाया का चालता येई. मंग दिवाई नंतर हळूहळू पयता बी येई! मी तं रोज डोया मिटी पयस. पाट, छगनभाऊनी बाग, तो पूल…" ती थांबली आणि मग अगदी सहज विचारलं, "ताई, तुमले कसं वाटस पयताना? तुम्ही कधी सांगंच नही."

"कसं म्हणजे?"

"म्हंजे अंगमा. आत."

चारुलताला आठवली ती फक्त पळणं संपल्यावरची सुटका. स्वप्नाली वाट बघत होती, डोळे चमकवत, आपल्या माणसाकडे बघावं तशी. तिला काही काढून घ्यायचं नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं. आणि पाय सळईवर उभा राहण्याआधीच तिची ती पळण्याची मजा तिच्याजवळ परत आलेली होती.

चारुलता खाटेच्या कडेला बसली आणि तिचा हात हातात घेतला.

"स्वप्नाली, तुला कुणीतरी सांगायलाच हवं. डॉक्टर तुझ्यासमोर बोलले ते धीर देण्यासाठी. भाग्येशला त्यांनी वेगळं सांगितलंय. तुझी हाडंच ठिसूळ आहेत. पुन्हा धावलीस तर पाय कापावा लागेल."

स्वप्नालीनं दाराकडे बघितलं. दारात भाग्येश उभा होता. "खरं शे का हो?" तिनं विचारलं.

भाग्येशनं चारुलताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हां," तो म्हणाला.

स्वप्नालीनं तोंड भिंतीकडे केलं आणि लहान पोरासारखी हुंदके देऊन रडली. चारुलता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अंधार पडायच्या सुमारास ती घरी आली, पोटभर जेवली आणि तिला गाढ झोप लागली.

स्वप्नाली पुन्हा कधी धावली नाही. पावसाळ्यानंतर ती काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत येऊ लागली, दिवाळीला काठी सुटली, पण चालताना पाय जपून टाकायची. तिचं अंग पुन्हा सुटलं. हसायची अजून, पण थोडकं. तिच्यामागे बाकीच्या जणींनीही पळणं सोडलं. दीपमालानं घरात चालायचं यंत्र आणलं.

चारुलता रोज पहाटे निघते. पाटाकडे जायला तिच्या घरामागची गल्ली जवळची पडते, पण ती समोरच्या चाळीवरून जाते. स्वप्नाली ओट्यावर बसून लसूण सोलत असते किंवा नुसतीच बसलेली असते. पावलांचा आवाज आला की ती मान वर करते आणि ओळखीच्या आनंदानं हात हलवते.

"पया, ताई, पया!" ती ओरडते.

तेवढ्या अंतरात चारुलता वेग वाढवते. चाळ मागे पडली की वळून बघते.